ज्यू प्रार्थना शालोमवरच का संपते, आणि त्यासाठी दहा माणसं कशाला लागतात?

ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायल-गाझाच्या बातम्या रोज आपल्या फोनवर येतायत, आणि चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एक प्रश्न हमखास निघतो की हे लोक भेटल्यावर 'शालोम' म्हणतात म्हणजे शांती, दिवसातून तीनदा शांतीसाठी प्रार्थना करतात, मग हे सगळं काय चाललंय? प्रश्न रास्त आहे. पण उत्तराकडे जायचं तर ती प्रार्थना आहे तरी काय, कशी बांधलीय, कोण कोणासाठी काय मागतं हे आधी कळायला हवं आणि ते आपल्याकडे फारसं कोणी नीट सांगत नाही. तिथलं राजकारण काही या लेखात सुटणार नाही. प्रार्थनेची बांधणी मात्र समजून घेता येते, आणि मला ती मनापासून विलक्षण वाटते, कारण एकट्या माणसाने यावं, स्वतःपुरतं मागावं आणि निघून जावं अशी सोयच तिच्यात फारशी ठेवलेली नाही.

आधी थोडं बेसिक

ज्यू परंपरेत रोज तीन प्रार्थना असतात, सकाळी, दुपारी आणि रात्री. प्रार्थनेच्या पुस्तकाला सिद्दूर म्हणतात. तिन्ही प्रार्थनांचा गाभा म्हणजे अमिदा, उभं राहून, पाय जुळवून, ओठातल्या ओठात म्हणायची प्रार्थना. तिला 'अठरा' असंही नाव आहे कारण मुळात तिच्यात अठरा आशीर्वचनं होती, आता एकोणीस आहेत (त्या जास्तीच्या एकाची गोष्ट पुढे येईल, ती जरा अडचणीची आहे). सुरुवातीला देवाची स्तुती, मध्ये मागण्या म्हणजे अक्कल, क्षमा, आरोग्य, पीकपाणी, न्याय वगैरे, आणि शेवटी आभार आणि सगळ्यात शेवटी शांती.

हे सगळं पक्कं कधी झालं, तर इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडल्यानंतर. तोपर्यंत उपासना म्हणजे मुख्यतः त्या एका मंदिरात होणारं जनावरांचं बलिदान. मंदिरच गेलं तेव्हा यावने नावाच्या गावात रब्बी, म्हणजे धर्माचे जाणकार गुरू, एकत्र बसले आणि शब्दांच्या प्रार्थनेला घडी बसवली. नंतरच्या रब्बींनी आपल्या चर्चांचा जो अवाढव्य ग्रंथ रचला, तालमूद, त्यात विचारलंय की लोक शास्त्र शिकत होते, नियम पाळत होते, दानधर्म करत होते, मग मंदिर पडलं का? आणि उत्तर दिलंय की लोक विनाकारण एकमेकांचा द्वेष करत होते म्हणून. रोमन लोकांवर बोट दाखवणं किती सोपं होतं बघा, तरी स्वतःच्या घरातलं भांडण पुढे केलं. माझ्या मते ज्यू प्रार्थनेत एकीवर इतका भर का हे समजायला ही एक आठवण पुरेशी आहे.

मागायचं ते 'आम्हाला'

अमिदातल्या मागण्या जवळजवळ सगळ्या अनेकवचनी आहेत. आम्हाला बरं कर. आम्हाला क्षमा कर. आमचं हे वर्ष चांगलं जाऊ दे. घरात कोणी आजारी असेल तर त्याचं नाव मध्ये घालता येतं, पण ते नाव सगळ्या आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत घालायचं. प्रवासाला निघताना म्हणायची एक वेगळी प्रार्थना आहे, तिच्याबद्दल तालमूदमध्ये अबाये नावाच्या रब्बींनी सांगितलंय की माणसाने नेहमी स्वतःला समाजात धरून मागावं. म्हणजे एसटीत एकटा बसला असाल तरी 'आम्हाला सुखरूप पोचव' असंच म्हणायचं.

पापाची कबुलीसुद्धा अशीच. योम किप्पूर म्हणजे वर्षातला उपासाचा आणि क्षमेचा सगळ्यात मोठा दिवस, त्या दिवशी अक्षरांच्या क्रमाने पापांची यादी म्हणतात आणि दर शब्दाला छातीवर हलकेच मूठ मारतात. आम्ही चुकलो, आम्ही दगा दिला, आम्ही लुबाडलं, असं. आता ज्याने आयुष्यात कुणाचं काही लुबाडलं नाही तोही हे म्हणतो, कारण यादी सगळ्यांची मिळून आहे. आणि ज्याने खरंच लुबाडलंय त्याला एकट्याला उभं राहून ते बोलावं लागत नाही. अमिदा हळू आवाजात का म्हणायची याचं तालमूदमध्ये दिलेलं एक कारणही असंच आहे, की प्रार्थनेत स्वतःची पापं कबूल करणाऱ्याची शेजाऱ्यापुढे लाज जाऊ नये. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इतका बारीक विचार केला.

दहा जणांचा नियम

काही प्रार्थना एकट्याला म्हणताच येत नाहीत. त्यासाठी किमान दहा प्रौढ ज्यू लागतात, या दहांच्या गटाला मिनियान म्हणतात. तोराचं, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचं, जाहीर वाचन मिनियानशिवाय होत नाही. दहांमध्ये कोण मोठा कोण छोटा याने काही फरक पडत नाही. नऊ रब्बी जमले तरी मिनियान होत नाही आणि दहा चांभार जमले तर होतं, अशी ज्यू लोकांमध्ये म्हणच आहे.

पण या नियमाचा खरा अर्थ कळतो तो कद्दिशमध्ये. आई किंवा वडील गेले की मूल अकरा महिने कद्दिश म्हणतं. आश्चर्य म्हणजे त्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, दुःखाचाही नाही, सगळी देवाची स्तुती आहे, ती पण अरामी भाषेत, म्हणजे त्या काळी साध्या माणसांना कळायची त्या भाषेत. शेवटी शांतीची ओळ. आणि हे दहा माणसांशिवाय म्हणता येत नाही. आता विचार करा, ज्याचे वडील नुकतेच गेलेत त्याला घरात दार लावून पडून राहावंसं वाटणार, पण कद्दिश म्हणायचं तर उठून, कपडे करून माणसांत जावं लागतं. बाकीच्यांनाही यावं लागतं, कारण ते आले नाहीत तर त्याला म्हणता येणार नाही. तो एक वाक्य म्हणतो, बाकीचे 'आमेन' म्हणतात आणि 'त्याचं महान नाव सदासर्वकाळ धन्य असो' असं मोठ्याने उत्तर देतात. त्या उत्तराशिवाय कद्दिश अर्धवट. सांत्वनाचे दोन शब्द कुणाला सुचोत न सुचोत, दहा माणसं शेजारी उभी असतात हे पक्कं.

शांती शेवटीच का?

ज्यू कायद्याचा जुना संग्रह आहे, मिश्ना, त्याच्या अगदी शेवटी एक वचन आहे की देवाला इस्राएलसाठी, म्हणजे ज्यू लोकांसाठी, आशीर्वाद धरून ठेवणारं भांडं शांतीखेरीज दुसरं मिळालं नाही. हे आपल्या घरातच बघा ना, पातेल्याच्या बुडाला भोक असेल तर म्हशीचं घट्ट दूध ओतलं काय नि पाणी ओतलं काय, सकाळी ओटा पुसायचंच काम. घरात पैसा आला, तब्येत ठणठणीत झाली, पीक चांगलं आलं आणि भाऊभाऊ कोर्टात उभे असतील तर आलेलं सगळं त्याच भोकातून जातं. म्हणून आधी बाकीचं मागून घ्यायचं आणि शेवटी ते टिकवणारी गोष्ट मागायची.

अजून एक पुरावा देतो. शब्बाथला म्हणजे शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी, अमिदातल्या मधल्या मागण्या काढून टाकतात. त्या दिवशी देवाकडे पैसा-आरोग्याची तक्रार न्यायची नाही. एकोणीसची सात आशीर्वचनं होतात. शांतीचं मात्र राहतं. ते कधीच गळत नाही.

आणि त्या शेवटच्या आशीर्वचनात, सकाळच्या पाठात, एक ओळ आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: हे आमच्या पित्या, आम्हा सगळ्यांना एकासारखं, तुझ्या मुखाच्या प्रकाशाने आशीर्वाद दे. सगळ्यांना मिळून, एकदम. शांती मागतानाच एकी मागितलीय, दोन्ही एकाच दमात.

याच्याआधी कोहेन म्हणजे जुन्या पुरोहित घराण्यातले लोक पुढे येऊन हात पसरून आशीर्वाद देतात. तो तोरामधला, हिब्रूत फक्त पंधरा शब्दांचा, पहिल्या ओळीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत सात, आणि शेवटचा शब्द शालोम. १९७९ मध्ये जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांमध्ये चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या, उलगडल्यावर त्यांच्यावर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले निघाले, साधारण २६०० वर्षांपूर्वीचे. म्हणजे हे शब्द तेव्हाही लोक गळ्यात घालून फिरत असावेत. कोहेनांना अट अशी की आशीर्वाद 'प्रेमाने' द्यायचा. ज्याचं मंडळीशी वैर आहे त्याने पुढे यायचं नाही.

अमिदा संपली की मग तीन पावलं मागे जायचं, डावीकडे वाकायचं, उजवीकडे वाकायचं, समोर वाकायचं आणि म्हणायचं, जो आपल्या उंच स्थानी शांती करतो तो आमच्यावर आणि सगळ्या इस्राएलवर शांती करो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती कवायत वाटेल. पण मागे सरकल्याशिवाय शांती मागायची नाही हा क्रम बघा, आणि डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोघांनाही मान लवते.

आधी माणसाशी मिटवा

शांतीचे शब्द म्हटले की काम झालं असं नाही. मिश्नामध्ये स्पष्ट नियम आहे की माणसाने देवाचा केलेला अपराध योम किप्पूरने फिटतो, पण माणसाने माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाला मनवल्याशिवाय फिटत नाही. दिवसभर उपाशी राहा, कितीही छाती पिटा. त्यामुळे योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत लोक फोन करतात, भेटायला जातात, माफी मागतात. कितीतरी वर्षांचा अबोला या दिवसांत सुटतो. सोळाव्या शतकात साफेद गावात राहणाऱ्या इझाक लुरिया या गूढवादी रब्बींच्या परंपरेत तर रोज सकाळी प्रार्थनेला सुरुवात करण्याआधीच म्हणतात की 'शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर' ही आज्ञा मी आत्ता स्वीकारतो. मग बाकीचं.

आणि ज्याच्याशी आपलं पटतच नाही त्याचं काय? योम किप्पूरच्या संध्याकाळी सुरुवातीला जाहीर केलं जातं की आम्ही अपराध्यांबरोबर प्रार्थना करायला परवानगी देतो. परवानगी, तीही देवाच्या आणि मंडळीच्या संमतीने. यामागे तालमूदमधली एक गोष्ट आहे. मंदिरात जो धूप जळायचा त्यात अकरा पदार्थ असायचे, त्यातला एक हेल्बेना, आपल्या हिंगाच्याच कुळातल्या झाडाचा डिंक, वासाला नकोसा. तरी तो धुपात घालणं सक्तीचं. रब्बी म्हणतात ज्या उपासात इस्राएलचे अपराधी लोक सामील नाहीत तो उपासच नाही, हेल्बेना बघा. मला वाटतं एकीची याहून प्रामाणिक व्याख्या सापडणं कठीण, कारण वास वाईट आहे हे ते लपवत नाहीत.

हे सगळं आपल्या कोकणातही आहे

बेने इस्राएल आपलेच, मराठी बोलणारे. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचले, रायगड भागात तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू पुस्तकं गेली, भाषा गेली, पण 'शेमा' राहिली, म्हणजे 'ऐक इस्राएल, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक आहे' ही एक ओळ. बारसं असो लग्न असो मयत असो, तीच म्हणायचे. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत शाआर हारहामीम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, बांधलं, तेच जुनी मशीद म्हणून ओळखलं जातं. मग अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ मध्ये मागेन आबोथ, आणि पनवेल, ठाणे, पुणे अशी रांगच. पुढे हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरंही झाली.

आता यांच्यातली एक रीत मुद्दाम सांगतो, कारण ती बघितली की वरचे सगळे मुद्दे एका हालचालीत दिसतात. प्रार्थनेनंतर वडीलधाऱ्याकडे धाकटा दोन्ही हात पुढे करून जातो. तळवे सरळ, अंगठे वर. वडीलधारा त्याचा हात आपल्या दोन तळव्यांत घेतो, धाकटा आपला मोकळा हात बाहेरून त्याच्या हाताला लावतो, मग दोघं एकदम हात सोडतात आणि ज्या बोटांनी दुसऱ्याला स्पर्श झाला ती बोटं आपापल्या ओठांना लावतात. हजानपासून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यापासून, हे सुरू होऊन एकेकाकडून पुढच्याकडे असं सगळ्या सिनेगॉगभर जातं. याला शांतीचं चुंबन म्हणतात. भाषण नाही, काही नाही.

दिशेचंही तसंच. तालमूद सांगतं की जेरुसलेमच्या पूर्वेला असाल तर पश्चिमेकडे तोंड करा, पश्चिमेला असाल तर पूर्वेकडे, म्हणजे सगळ्यांची मनं एका जागी वळतील. त्यामुळे न्यूयॉर्कचा ज्यू पूर्वेकडे तोंड करून उभा असतो आणि रेवदंड्याचा पश्चिमेकडे, समुद्राकडे.

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्यामुळे कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये आता दहा माणसं सणावारालाच जमतात. इमारत आहे, पुस्तकं आहेत, तोरा आहे, आणि दहावा माणूस नाही म्हणून कद्दिश अडतं. मिनियानचा नियम किती खरा आहे आणि किती महागही पडतो हे तिथे समजतं.

पण शांती फक्त स्वतःच्याच लोकांसाठी?

हा आक्षेप टाळता येणार नाही. शेवटच्या ओळीत 'आमच्यावर आणि सगळ्या इस्राएलवर' असंच आहे. ज्यू समाजातही यावर बोललं जातं, आणि उदारमतवादी मंडळींच्या बऱ्याच सिद्दूरमध्ये 'आणि जगात राहणाऱ्या सगळ्यांवर' असे शब्द वाढवलेत. परंपरावादी ते वाढवत नाहीत. ते म्हणतात जुना पाठ बदलायचा नाही, आणि बाकीच्या जगासाठीच्या प्रार्थना इतरत्र आहेत. तशा आहेतही. यिर्मया या जुन्या संदेष्ट्याने बॅबिलोनला कैदेत नेलेल्या ज्यू लोकांना लिहिलं होतं की ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच राजधानीसाठी! त्यावरूनच जगभरच्या सिनेगॉगमध्ये आपापल्या देशाच्या सरकारसाठी प्रार्थना करायची पद्धत पडली.

आणि ते एकोणिसावं आशीर्वचन. ते चहाडखोरांविरुद्ध, धर्मद्रोह्यांविरुद्ध आहे. फुटीच्या काळात, यावनेमध्येच, घातलं गेलं. शतकानुशतकं त्याचे शब्द बदलत आले, काही ख्रिस्ती सेन्सॉरच्या दबावाने, काही स्वतःहून, आणि काही सुधारणावादी सिद्दूरनी ते काढलंय किंवा मवाळ केलंय. शांतीच्या प्रार्थनेत हे एक टोचणारं वाक्य आहेच, ते नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

पण त्याच परंपरेत ब्रुरियाची गोष्टही आहे. रब्बी मेइर यांच्या शेजारी गुंड राहायचे, फार छळायचे. वैतागून ते त्यांच्या मरणाची प्रार्थना करायला लागले. त्यांची बायको ब्रुरिया म्हणाली, पाप संपू दे असं माग, पापी संपू दे असं नको, ते सुधारावेत म्हणून प्रार्थना कर. मेइरांनी तशी केली आणि गुंड सुधारले. दुसरी एक गोष्ट, गुलामीतून सुटलेल्या ज्यूंच्या मागे लागलेलं इजिप्तचं सैन्य समुद्रात बुडत होतं तेव्हा देवदूत गाणं म्हणायला निघाले, देव म्हणाला माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडतेय आणि तुम्ही गाताय?

मग युद्ध का? इतकंच सांगता येईल की एकच सिद्दूर सैनिकांसाठी प्रार्थना करणाऱ्याच्या हातात असतं, ओलिसांच्या सुटकेसाठी करणाऱ्याच्याही, आणि युद्ध थांबवा म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्याच्याही. प्रार्थना सरकार चालवत नाही. पण पाप संपवायचं की पापी, हा ब्रुरियाचा प्रश्न ती दर पिढीपुढे पुन्हा ठेवते, आणि तो प्रश्न गाझाच्या बाबतीतही तितकाच लागू आहे असं मला ठामपणे वाटतं.

बायकांचं काय?

दहा प्रौढ म्हणजे कोण? ऑर्थोडॉक्स म्हणजे सनातनी परंपरेत दहा पुरुष. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीने, म्हणजे सनातनी आणि सुधारणावादी यांच्या मधल्या पंथाने, १९७३ मध्ये बायकांना मिनियानमध्ये मोजायला मान्यता दिली, रिफॉर्म म्हणजे सुधारणावादी पंथात तर भेदच नाही. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी, म्हणजे त्या पाडलेल्या मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या भिंतीपाशी, 'विमेन ऑफ द वॉल' हा गट १९८८ पासून बायकांना तिथे मोठ्याने प्रार्थना करता यावी, तोरा वाचता यावी म्हणून झगडतोय. २०१६ मध्ये सरकारने भिंतीच्या दक्षिण टोकाला स्त्रीपुरुषांसाठी मिळून नीट जागा करायचा करार मंजूर केला, २०१७ मध्ये तो थांबवला. ज्या भिंतीशी एकी मागायची तिथेच ढकलाढकली होते, हे बघून वाईट वाटतं. बायबलमधल्या ज्या हन्नाकडून रब्बींनी ओठ हलवत हळू प्रार्थना करायची रीत शिकली ती बाईच होती, हे तालमूदमध्येच लिहिलंय.

एकट्याने केली तर चालत नाही का?

चालते की. अमिदा घरीही म्हणतात. पण तालमूदमध्ये एक छान संवाद आहे. रब्बी यित्झाक दुसऱ्या एका रब्बींना, रव नखमानला, विचारतात, तुम्ही सिनेगॉगला का येत नाही? तो म्हणतो जमत नाही. मग दहा जणांना घरी बोलवा. फार त्रासाचं आहे. बरं, मग निदान एवढं करा, मंडळी प्रार्थनेला कधी उभी राहतात तेवढं कोणाकडून तरी कळवून घ्या आणि त्याच वेळी घरी प्रार्थना करा. २०२० मध्ये कोरोनात सिनेगॉग बंद झाली तेव्हा हाच संवाद पुन्हा जिवंत झाला. कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बींनी त्या आणीबाणीत व्हिडिओ कॉलवर मिनियान धरायची मुभा दिली, बहुतेक ऑर्थोडॉक्स रब्बींनी दिली नाही, आणि इस्रायलमध्ये लोक आपापल्या बाल्कनीत उभे राहून, समोरच्या बिल्डिंगमधले मोजून, दहा पुरे करू लागले.